दोन ओळींची अदलाबदल: पीट्रेसमधली फसलेली स्पेक्टर दुरुस्ती

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २०१९ साली स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीविरुद्ध एक दुरुस्ती आली, ती जुन्या स्थिर शाखांमध्येही (ज्यांना फक्त दुरुस्त्या मिळतात अशा आवृत्त्यांमध्ये) नेली गेली आणि तिथे ती निकामी निघाली. कोड कंपाइल होत होता, फंक्शन बरोबर उत्तर देत होतं, संरक्षणाचा मॅक्रो (नावाने बोलावता येणारा तयार कोड) फाईलमध्ये डोळ्यांसमोर होता. फक्त तो एक ओळ उशिरा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये या चुकीला सीव्हीई-२०१९-१५९०२ हा सुरक्षात्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक मिळाला. बाधित आवृत्त्या ४.४.१९०, ४.९.१९०, ४.१४.१४१, ४.१९.६९ आणि ५.२.११ पर्यंतच्या. म्हणजे तेव्हा चालू असलेल्या पाच शाखांमध्ये एकच चूक.

हे प्रकरण उलगडून बघण्याजोगं आहे, कारण स्पेक्टरच्या पहिल्या प्रकाराविरुद्ध कर्नल कोड घट्ट करताना नेमकं काय घट्ट होतं, हे इथे फार स्वच्छ दिसतं.

कोड कुठला, इंडेक्स कुणाचा

एक्स८६ प्रोसेसरवर हार्डवेअर ब्रेकपॉइंटसाठी (ठरावीक पत्त्यावर प्रोग्राम थांबवण्यासाठी) डीआर० ते डीआर३ अशी पत्त्यांची चार डीबग रजिस्टर असतात. डीबगर ती पीट्रेस सिस्टम कॉलमधून, म्हणजे एका प्रक्रियेला दुसरी तपासू देणाऱ्या कर्नलच्या सेवेतून, वाचतो. त्यासाठी ‘पीकयूझर’ ही विनंती वापरतात: प्रक्रियेच्या ‘यूझर’ नावाच्या स्ट्रक्चरमधलं ऑफसेट द्यायचं, कर्नल तिथली किंमत परत करतो. ६४ बिट एक्स८६वर हे स्ट्रक्चर ९२८ बाइटचं आहे आणि डीबग रजिस्टरांचा आठ जागांचा अ‍ॅरे त्यात ८४८व्या बाइटपासून सुरू होतो. ८४८ दिलं की शून्यावं रजिस्टर, ८५६ दिलं की पहिलं, ९०४ दिलं की सातवं.

कर्नल त्या ऑफसेटमधून ८४८ वजा करतो, उरलेल्याला आठने भागतो आणि आलेला आकडा ‘पीट्रेस_गेट_डीबगरेग’ या फंक्शनला ‘एन’ म्हणून देतो. एन चारपेक्षा लहान असेल तर थ्रेडच्या ‘पीट्रेस_बीपीएस’ या अ‍ॅरेतून पॉइंटर उचलायचा आणि त्या पॉइंटरमागच्या रचनेतून पत्ता वाचायचा. एन सहा किंवा सात असेल तर स्थिती आणि नियंत्रणाची रजिस्टर, त्यांची वाट वेगळी. चार आणि पाचसाठी शून्य.

यातला एनचा आकडा पूर्णपणे वापरकर्त्याच्या हातात आहे. त्यासाठी विशेष अधिकार लागत नाहीत. स्वतःच्या चाइल्ड प्रक्रियेवर पीट्रेस कुणीही लावू शकतो. एन या फंक्शनपर्यंत पोचण्याआधी त्यावर दोन तपासण्या होतात: ऑफसेट आठच्या पटीत आणि स्ट्रक्चरच्या आकारात आहे का, आणि तो डीबग रजिस्टरांच्या टापूत आहे का. तिसरी तपासणी फंक्शनमध्ये, चारपेक्षा लहान आहे का ही. कोड वाचणाऱ्याला तिन्ही भक्कम दिसतात. पण तिन्ही ब्रँच आहेत, म्हणजे अटीवर वाट बदलणाऱ्या सूचना, आणि ब्रँचचं उत्तर हाती येण्याआधी प्रोसेसर त्याचा अंदाज बांधून पुढे निघून गेलेला असतो.

पहिल्या प्रकाराची यंत्रणा इथे कशी लागू पडते

स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाल्या. स्पेक्टरचा पहिला प्रकार, सीव्हीई-२०१७-५७५३, म्हणजे सीमातपासणीला बगल. हल्लेखोर ० ते ३ या वैध इंडेक्सने तोच कॉल अनेकदा करतो. ब्रँच प्रेडिक्टरला सवय लागते की ही अट खरीच असते. मग एकदा भलताच इंडेक्स देतो. प्रोसेसर सवयीने आत शिरतो, अ‍ॅरेच्या बाहेरचे आठ बाइट वाचतो आणि त्यांना पॉइंटर समजून त्या पत्त्यावर जातो. थोड्याच वेळात अट खोटी असल्याचं कळतं आणि सगळं काम रद्द होतं. रजिस्टर पूर्ववत होतात. कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची लहान वेगवान मेमरी, मात्र पूर्ववत होत नाही. कुठली कॅशलाइन आत आली हे नंतर वेळ मोजून ओळखता येतं.

दोन लोड (मेमरीतून वाचणं), दुसरा पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून: हा पहिल्या प्रकाराचा ठरलेला नमुना. इथे पहिला लोड म्हणजे अ‍ॅरेतून ‘बीपी’ उचलणं, दुसरा म्हणजे बीपीमागच्या रचनेतला पत्ता वाचणं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर हे गॅजेट (हल्ल्यासाठी वापरता येणारा कोडचा तुकडा) पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाइतकं हल्लेखोराच्या सोयीचं नाही. एक तर सीमा ही स्थिर संख्या आहे, चार. नेहमीच्या उदाहरणात सीमा मेमरीतून यावी लागते. हल्लेखोर ती कॅशमधून हुसकावतो आणि प्रोसेसरला शेकडो सायकल ताटकळत ठेवतो. इथे एन रजिस्टरमध्ये आणि चार हा आकडा सूचनेतच, त्यामुळे अट लवकर सुटते आणि अंदाजावर चालण्याची खिडकी लहान राहते. दुसरं, चोरलेले आठ बाइट जसेच्या तसे पत्ता म्हणून वापरले जातात. एकेक बाइट वेगळ्या कॅशलाइनवर पसरवण्याची सोय नाही. ते आठ बाइट खऱ्या मॅप झालेल्या पत्त्यासारखे असतील तरच खूण उमटणार.

मग दुरुस्ती का करायची? कर्नलमध्ये २०१८ पासून यावर ठरलेली रीत आहे: वापरकर्त्याच्या ताब्यातल्या इंडेक्सने होणारा पहिलाच लोड बंद करायचा, दुसरा लोड पुढे खरोखर उपयोगी पडतो का याचा हिशोब करत बसायचं नाही. ही रीत शहाणपणाची आहे. खिडकी लहान की मोठी हे प्रोसेसरच्या पिढीवर, कंपायलरवर आणि फंक्शन कुठे इनलाइन झालं (बोलावणाऱ्याच्या कोडमध्येच मिसळलं) यावर बदलतं. आज न जमणारं गॅजेट पुढच्या आवृत्तीत जमू शकतं, आणि प्रत्येक ठिकाणी हल्ला रचून बघणं हे एकेक मॅक्रो घालण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

मुखवटा काय करतो

संरक्षणाचा मॅक्रो म्हणजे ‘अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक’. तो इंडेक्स आणि आकार घेतो, ब्रँच न वापरता एक मुखवटा बनवतो आणि इंडेक्सशी अँड करतो. इंडेक्स मर्यादेत असेल तर मुखवट्याचे सगळे बिट एक, म्हणून इंडेक्स जसाच्या तसा. मर्यादेबाहेर असेल तर सगळे शून्य, म्हणून इंडेक्स शून्य.

सर्वसाधारण आवृत्तीतलं गणित असं: इंडेक्स आणि (आकार वजा एक वजा इंडेक्स) यांचा ऑर घ्यायचा, उलटवायचा आणि चिन्हाचा बिट जपत ६३ जागा उजवीकडे सरकवायचा. आकार ४, इंडेक्स ३ घ्या. ४ − १ − ३ म्हणजे शून्य. ३ आणि शून्याचा ऑर ३. उलटवल्यावर सर्वांत वरचा बिट एक होतो. सरकवल्यावर सगळे बिट एक. आता इंडेक्स ४. ४ − १ − ४ म्हणजे −१, सगळे बिट एक; ऑर केल्यावरही तेच; उलटवलं की शून्य; सरकवूनही शून्य. ऋण इंडेक्स दिला तर तो अनसाइन्ड लाँग होताना प्रचंड मोठा होतो आणि मुखवटा शून्यच येतो. इथे एनचा प्रकार साधा इंट असल्याने हे महत्त्वाचं आहे.

एक्स८६वर हेच काम दोन सूचनांत उरकतं. ‘सीएमपी’ने इंडेक्सची आकाराशी तुलना, इंडेक्स लहान असेल तर कॅरी लागतो. मग ‘एसबीबी’ने एक रजिस्टर त्याच्यातूनच कॅरीसकट वजा: कॅरी असेल तर −१, नसेल तर शून्य.

खरा जोर या सूचनांमध्ये नाही, त्यांनी तयार केलेल्या अवलंबित्वात आहे. अ‍ॅरेतला लोड आता मुखवटा लावलेल्या इंडेक्सची वाट बघतो, इंडेक्स एसबीबीची वाट बघतो, एसबीबी तुलनेची. या साखळीत अंदाज लावायला ब्रँच उरलेली नाही. प्रोसेसर वरच्या अटीबद्दल कितीही चुकीचा अंदाज बांधो, लोडच्या हाती शून्यच पडतं. याला पर्याय म्हणजे ‘बॅरिअर_नोस्पेक’, म्हणजे एलफेन्स; आधीच्या सूचना पूर्ण होईपर्यंत तो पुढच्यांना रोखतो. अ‍ॅरे आणि ठरलेला आकार अशी मांडणी नसते तिथे तो वापरतात. पण तो सगळंच अडवतो, मुखवटा एकाच लोडला अडवतो. म्हणून अ‍ॅरे असेल तिथे मुखवटा.

दुरुस्ती आणि तिची बिघडलेली आवृत्ती

खाली कोडमधली नावं देवनागरीत उतरवली आहेत. ‘एचबीपी_नम’ म्हणजे वरचाच चार हा आकडा. बघायचा आहे तो क्रम. मेनलाईनमध्ये, म्हणजे कर्नलच्या मुख्य शाखेत, टिकलेलं रूप:

इफ (एन < एचबीपी_नम) {
इंट इंडेक्स = अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक(एन, एचबीपी_नम);
स्ट्रक्ट पर्फ_इव्हेंट *बीपी = थ्रेड->पीट्रेस_बीपीएस[इंडेक्स];

आणि स्थिर शाखांमध्ये गेलेलं रूप:

इंट इंडेक्स = एन;
इफ (एन < एचबीपी_नम) {
स्ट्रक्ट पर्फ_इव्हेंट *बीपी = थ्रेड->पीट्रेस_बीपीएस[इंडेक्स];
इंडेक्स = अ‍ॅरे_इंडेक्स_नोस्पेक(इंडेक्स, एचबीपी_नम);

दुसऱ्या रूपात लोड आधी होतो, तोही कच्च्या इंडेक्सने. त्यानंतर इंडेक्स धुऊन स्वच्छ केला जातो आणि पुढे कुठेच वापरला जात नाही. चोर बाहेर पडल्यावर कुलूप लावलं, आणि कुलूप मात्र अस्सल.

असं घडायला जागा कुठे होती, हेही त्याच ओळींत दिसतं. इंडेक्स वर घोषित करून कंसाच्या आत आधी मुखवट्याची ओळ आणि मग बीपीची घोषणा लिहिली, तर विधान आधी आणि घोषणा नंतर असा क्रम होतो. कर्नल तेव्हा सी८९च्या जीएनयू बोलीत कंपाइल व्हायचा आणि विधानानंतरच्या घोषणेवर कंपायलर इशारा द्यायचा. जीएनयू११ हे मानक ५.१८ या आवृत्तीत, २०२२ साली आलं. असा इशारा दिसला की घोषणा एक ओळ वर उचलणं ही हाताला लागलेली सवय. साध्या कोडमध्ये बीपीची घोषणा वर नेली आणि गडबड झाली तर चाचणीत लगेच सापडतं. इथे सापडत नाही, कारण वैध इनपुटवर दोन्ही क्रमांचं उत्तर तंतोतंत एक आहे.

इशारा घालवायचे बरोबर रस्तेही होते आणि तेवढेच छोटे होते. वरच्यासारखी मुखवटा लावतच इंडेक्सची घोषणा करायची. किंवा बीपी वर नुसता घोषित करून, मुखवट्यानंतर त्याला किंमत द्यायची.

एक तिसरा रस्ता मोह पाडणारा आहे पण चुकीचा: मुखवटा अटीच्या बाहेर, फंक्शनच्या सुरुवातीलाच एनला लावून टाकायचा. तसं केलं तर ६ आणि ७ हे आकडे मर्यादेबाहेरचे ठरून शून्य होतील, आणि नियंत्रण रजिस्टर मागणाऱ्या डीबगरला डीआर० मिळेल. मुखवटा सीमातपासणीच्या आत आणि लोडच्या आधी, त्या दोन ओळींमधल्या फटीतच बसला पाहिजे.

दुसरं कारण बॅकपोर्टच्या, म्हणजे दुरुस्ती जुन्या शाखेत नेण्याच्या, पद्धतीत आहे. स्थिर शाखांमध्ये एकेक कमिट (नोंदवलेला बदल) उचलून नेतात, याला चेरी-पिक म्हणतात. मेनलाईनमधला अंतिम कोड मात्र एका कमिटमधून तयार होत नाही. मर्ज करताना (शाखा एकत्र जोडताना) झालेले बदलही त्यात असतात आणि चेरी-पिकमध्ये ते येत नाहीत. कमिटचा डिफ (बदललेल्या ओळी) जुळतो, फंक्शन जुळत नाही. ही चूक कर्नलच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ग्रसेक्युरिटीने जाहीरपणे दाखवली, आणि स्थिर शाखांच्या देखभालीत ती स्वतःची मर्जमधली चूक म्हणून मान्य करून लगेच सुधारली गेली. जाहीर दुरुस्ती ते शोध यात काही आठवडे गेले.

नुकसान किती हे नीट तोलायला हवं. बॅकपोर्टने कोड आधीपेक्षा जास्त उघडा केला नाही. तो आधीही उघडाच होता. बदललं ते एवढंच की यादीत त्याच्यापुढे ‘झालं’ अशी खूण पडली, आणि खूण पडलेल्या जागेकडे पुन्हा कुणी फिरकत नाही.

कुठल्या तपासण्यांनी हे पकडलं नसतं

कार्यात्मक चाचण्यांनी नाही, ते वर आलंच. डीबगरमध्ये हार्डवेअर वॉचपॉइंट लावा, काढा, सगळं चालतं.

फाईलमध्ये मॅक्रोचं नाव शोधून नाही. नाव आहे.

कर्नलची स्थिती फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमधल्या ‘स्पेक्टर_व्ही१’ या फाईलने तर नाहीच. प्रोसेसरच्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमधली ही फाईल संरक्षण चालू असल्याचं सांगते ते कर्नलच्या सर्वसाधारण यंत्रणांबद्दल: वापरकर्त्याच्या पॉइंटरची सफाई, आणि ऑगस्ट २०१९ नंतर ‘स्वॅपजीएस’ या सूचनेभोवतीचे अडथळे. अमुक फंक्शनमधला तमुक लोड झाकला आहे का, हे तिला कळायला मार्ग नाही. त्या काही आठवड्यांत बाधित कर्नलवरही ती समाधानाने तेच वाक्य छापत होती. ऑडिटच्या फॉर्ममध्ये पहिल्या प्रकारासाठी या फाईलचं आउटपुट चिकटवणारे बरेच आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी ते थोडंफार बोलकं असतं, पहिल्यासाठी जवळजवळ मुकं.

मशीन कोडमध्ये नुसती एसबीबी सूचना शोधूनही चकवा बसला असता. जून २०१८ पासून एक्स८६वरची ही असेंब्ली ‘व्होलाटाइल’ आहे, म्हणजे उत्तर न वापरलं तरी कंपायलर ती काढून टाकत नाही. त्यामुळे बिघडलेल्या आवृत्तीतही तुलना आणि एसबीबी हजर असणं अपेक्षित आहे. गायब होऊ शकतो तो अँड, कारण त्याचं उत्तर कुणालाच नको आहे.

पकडायचं कसं

पहिली पायरी फुकटची आहे. बॅकपोर्ट झाल्यावर कमिटची कमिटशी तुलना करू नका, फंक्शनची फंक्शनशी करा. मेनलाईनच्या टॅगवरची फाईल आणि स्थिर शाखेतली फाईल ‘गिट शो’ने काढा आणि तेवढ्या फंक्शनचा डिफ बघा. जुन्या शाखेत आजूबाजूचा कोड वेगळा असणारच. प्रश्न एकच: मुखवट्याचं उत्तर ज्या चलात जातं, त्याच चलाने, त्यानंतर, लोड होतो का?

दुसरी पायरी मशीन कोडची. शाखा प्रत्यक्ष वापरातल्या कंपायलरने आणि कॉन्फिगने बांधा, आर्च फोल्डरमधल्या एक्स८६ कर्नलची ‘पीट्रेस’ ऑब्जेक्ट फाईल घ्या आणि ‘ऑब्जडम्प’ने रिलोकेशनसकट डिसअसेंबल करा. फंक्शन स्टॅटिक असल्याने ते स्वतःच्या नावाने सापडेलच असं नाही. इनलाइन होऊन ‘आर्च_पीट्रेस’च्या पोटात गेलेलं असू शकतं. तिथे दोन तुलना दिसायला हव्यात: एक जिच्यामागे सशर्त उडी आहे, आणि दुसरी जिच्यामागे एसबीबी आहे. दुसरीपासून रजिस्टर हाताने पुढे नेत जा. एसबीबीचं रजिस्टर अँडमध्ये जातं, अँडचं उत्तर आठच्या पटीने इंडेक्स होणाऱ्या लोडमध्ये जातं. ही तीन पावलं सलग जुळली तर दुरुस्ती आहे. लोडमधलं इंडेक्स रजिस्टर एसबीबीच्या साखळीतून आलेलं नसेल तर दुरुस्ती नाही, सोर्समध्ये काहीही लिहिलेलं असो.

हे काम कंटाळवाणं आहे, पण एका फंक्शनला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. आणि ते एकदाच करून भागत नाही: कंपायलर बदलला की तेच फंक्शन नव्याने बघावं लागतं. मुखवट्याचं असेंब्ली व्होलाटाइल करण्याची गरज पडली तीच मुळी कंपायलर मुखवट्याच्या गणितावर जास्त हुशारी दाखवू नये म्हणून.

तिसरी पायरी स्थिर विश्लेषणाची. स्मॅच या साधनात २०१८ पासून स्पेक्टरची तपासणी आहे. वापरकर्त्याकडून आलेला इंडेक्स मुखवट्याशिवाय अ‍ॅरेत वापरला की ती बोट दाखवते. खोटे इशारे भरपूर येतात, म्हणून अनेक जण ती मेनलाईनवर कधीतरी चालवून विसरतात. उपयोग करायचा असेल तर ती त्या स्थिर शाखेवर चालवा जी प्रत्यक्ष बाहेर जाणार आहे, आणि बॅकपोर्टच्या आधीची व नंतरची यादी शेजारी ठेवा. दुरुस्ती नीट बसली असेल तर तिने झाकलेली जागा दुसऱ्या यादीतून गेली पाहिजे. ती तशीच राहिली, तर कारण सापडेपर्यंत ‘झालं’ अशी खूण नको.

पुनरावलोकनात अजून एक गोष्ट राहून जाते: शेजारची वाट. ‘पीट्रेस_बीपीएस’ हा अ‍ॅरे वाचताना वापरला जातो तसाच डीबग रजिस्टर लिहितानाही, आणि तिथे सीमातपासणी एका फंक्शनमध्ये व लोड तिने बोलावलेल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये आहे. सीमा आणि लोड एका पडद्यावर दिसत नाहीत तिथे माणसाचं लक्ष चुकतं. म्हणून इंडेक्सवरून नाही, अ‍ॅरेवरून शोध घ्यावा: त्या नावाचा प्रत्येक वापर, आणि प्रत्येकाला इंडेक्स कुठून येतो. ३२ बिट प्रोग्रामांसाठी ६४ बिट कर्नलमध्ये पीट्रेसचा वेगळा प्रवेश आहे. ऑफसेटची वजाबाकी तिथे पुन्हा स्वतंत्रपणे लिहिलेली आहे आणि भागाकार आठने नाही, चारने होतो. दोन्ही वाटा शेवटी त्याच फंक्शनला येऊन मिळतात, म्हणून मुखवटा फंक्शनच्या आत असणं इथे फायद्याचं ठरतं. तो बोलावणाऱ्याकडे ठेवला असता तर दोन जागी ठेवावा लागला असता, आणि पाच शाखांचे मिळून दहा बॅकपोर्ट तपासावे लागले असते.